‘औषध मारत होता’ एवढ्याने भागत नाही

आपल्याकडे कपाशीवर मारायचं तेही औषध आणि ताप आला की घ्यायचं तेही औषध. शेतात हा एकच शब्द चालून जातो. दवाखान्याच्या खाटेपाशी मात्र तो जिवावर बेतू शकतो.

दोन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदातली गोष्ट. शेतीशाळा आटोपून निघालो होतो, तेवढ्यात फवारणीवरचा मजूर बांधावर पडल्याचा निरोप आला. जाऊन बघतो तर तोंडाला फेस, अंगाला दरदरून घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. १०८ ला फोन लावला. गाडी येईपर्यंत भिजलेले कपडे काढले, साबणाने अंग धुतलं, एका कुशीवर निजवलं. कोणी मिठाचं पाणी घेऊन आलं होतं, त्याला थांबवलं. अशा अवस्थेत ओकारी काढायला गेलं तर ती फुफ्फुसात उतरते.

रुग्णालयात सिस्टरांचा पहिलाच प्रश्न, “काय मारत होता?”

“कपाशीवरचं औषध होतं जी,” भाऊ म्हणाला.

“अरे दादा, औषध म्हणजे कोणतं? नाव सांग, नाहीतर बाटली दाखव.”

बाटली शेतातच राहिलेली! लक्षणं पाहून डॉक्टरांनी उपचार सुरू केले होते, तरी एका पोराला मोटारसायकलवर परत पिटाळलं. बाटलीवर प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रीन निघालं.

एवढी चौकशी कशाला, असं नातेवाइकांना वाटतं. प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस ही ऑरगॅनोफॉस्फेट गटातली विषं. त्यांच्यावर अॅट्रोपीनचं इंजेक्शन चालतं. पण तणनाशकातल्या पॅराक्वाटवर उतारा नाही, आणि गरज नसताना ऑक्सिजन लावला तर फुफ्फुसाचं नुकसान उलट वाढतं. गावात दोन्हींना आपण औषधच म्हणतो. लेबल आणि माहितीपत्रकावर विषाचं नाव, उतारा, प्रथमोपचार छापलेले असतात. म्हणून दारूच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत ओतून आणलेलं कीटकनाशक दुहेरी घातक. एक तर कोणी चुकून पितं, आणि दवाखान्यात दाखवायला लेबलही उरत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने सुमारे वीस जण दगावले, शेकडो आजारी पडले. तरीही हे ओतणं थांबलेलं नाही.

त्या रात्री सिस्टरांचं काम जवळून पाहिलं. अॅट्रोपीनची एक छोटी कुपी साधारण ०.६ मिलिग्रॅमची. विषबाधेत सुरुवातीलाच १ ते ३ मिलिग्रॅम द्यावं लागतं, म्हणजे दोन ते पाच कुप्या. छातीतली घरघर थांबली नाही तर दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट. कुप्यांचा ढीग लागतो आणि मोजण्यात चूक व्हायला वेळ लागत नाही. म्हणून दुसरी सिस्टर शेजारी उभी राहून नाव वाचत होती, आकडा मोठ्याने म्हणत होती. प्रत्येक वेळी नाडी, घाम, छातीचा आवाज कागदावर. मात्रा जास्त झाली तर ताप चढतो, नाडी पळते, रोगी बरळतो, हवेत हात मारतो. पहाटे आमचा माणूस तसंच करू लागला. भाऊ घाबरून म्हणाला, “बाहेरची बाधा झाली.” सिस्टरांनी सलाईनमधून चाललेलं औषध थांबवून डॉक्टरांना बोलावलं. काही वेळाने तेच कमी वेगाने पुन्हा चालू झालं.

इथे आपल्या लोकांची एक खोड सांगतो. “हळू चाललंय” म्हणून सलाईनचं चाक कोणीतरी हळूच फिरवतं. त्या बाटलीत अॅट्रोपीन असतं, नुसतं पाणी नव्हे! चाकाला हात लावायचा नाही, सिस्टरांना हाक मारायची.

दुसरं, नाव. वॉर्डात एकाच गावचे दोन गजानन होते. “गजानन कोण?” म्हटल्यावर दोन्हीकडचे नातेवाईक उठले. सिस्टर दर वेळी वडिलांचं नाव आणि केसपेपर बघूनच सुई देत. त्याचा राग मानू नये. बीपीच्या, साखरेच्या गोळ्या चालू असतील तर न विचारताही सांगाव्यात.

तिसऱ्या दिवशी मजूर उठून बसला. घरच्यांना सुटीची घाई, सोयाबीन काढणीला आलेलं. सिस्टर म्हणाल्या, “उशीवरून मान उचलून दाखव.” त्याला ती नीट उचलता येईना. विष उतरल्यासारखं वाटत असतानाच, साधारण एक ते चार दिवसांत, मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात, हे मलाही तेव्हाच कळलं. घरी नेलं असतं तर श्वास रात्रीच अडकला असता. आणखी सहा दिवस ठेवलं, मग सुटी मिळाली.

दोष आमचाही आहे. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ‘औषध फवारा’ असं मीच लिहीत आलो. आता ‘कीटकनाशक’ लिहितो, खाली घटकाचं नाव मोठ्या अक्षरात. ग्रामसेवक आणि पोलीस पाटलांनी फवारणीच्या दिवसांत एवढंच पाहावं की रुग्णाबरोबर गाडीत बाटलीही चढली का. खिशात घालू नये, प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून न्यावी. बाटली सापडली नाही तर दुकानदाराचं बिल तरी न्यावं.