विजय लक्झेंबर्गचा, आवाज कोणाचा?

'युरोव्हिजन' या युरोपीय गीतस्पर्धेत लक्झेंबर्ग हा चिमुकला देश पाच वेळा जिंकला : १९६१, १९६५, १९७२, १९७३ आणि १९८३. पण विजेत्यांची यादी पाहा. चार गायक फ्रेंच, एक ग्रीक. लक्झेंबर्गचा एकही नाही!

असे का व्हावे? १९६० साली कामिलो फेल्गेन हा तिथलाच गायक लक्झेंबर्गी भाषेत गायला. तेरा देशांत तेरावा, गुण अवघा १. पुढच्याच वर्षी फ्रान्सचा जाँ-क्लोद पास्काल फ्रेंचमध्ये गायला आणि लक्झेंबर्ग जिंकले. गायक त्या देशाचा नागरिकच हवा, अशी अट स्पर्धेत नाही. म्हणजे कायद्याने सारे चोख. पण कायद्याने चोख प्रतिनिधी आणि खरा प्रतिनिधी यांतला फरक आमच्या वाचकांना आम्ही वेगळा सांगायला नको.

लक्झेंबर्गी ही राष्ट्रभाषा असे कायद्यात लिहिले गेले तेही १९८४ साली, पाचवा विजय पदरात पडल्यावर. १९९३ नंतर हा देश स्पर्धेबाहेर होता, तो २०२४ मध्ये परतला. या वेळी लक्झेंबर्गशी नाते असलेल्या गायकांतूनच निवड झाली, हे आम्हाला मोलाचे वाटते. टाली ही गायिका तेरावी आली. गाणे मात्र फ्रेंच आणि इंग्रजीत होते.