लॉक व्हेरिएबलमध्ये नसतं

राष्ट्रीय महामार्ग ४४ वर केळापूरचा टोलनाका आहे. समजा, तिथल्या सगळ्या लेनमधून गेलेल्या गाड्या एकाच आकड्यात मोजल्या जातात आणि दोन लेनचं काम प्रोसेसरच्या दोन वेगळ्या कोअरवर चालतं. दोन्ही कोअरनी एकाच वेळी ५०० वाचले, एक मिळवला आणि ५०१ लिहिले. गाड्या गेल्या दोन, मोजली गेली एक. हे टाळायला एका वेळी एकाच कोअरला त्या आकड्याकडे जाऊ देणारं लॉक लागतं.

सगळ्यात चिवट गैरसमज म्हणजे, एक व्हेरिएबल घ्यायचं, ते शून्य असेल तर एक करायचं, की लॉक तयार! पण तपासणं आणि लिहिणं या दोन क्रिया आहेत. मधल्या फटीत दुसरा कोअर शिरतो आणि लॉक आपल्यालाच मिळालं असं समजून दोघेही आत जातात. सी भाषेतलं ‘व्होलटाइल’ लावूनही ही फट बुजत नाही, ती प्रोसेसरनेच बुजवावी लागते. इंटेल-एएमडीच्या एक्स८६ वर ‘एक्सचेंज’ सूचना मेमरीशी अदलाबदल एका दमात करते, मध्ये कुणालाही येऊ देत नाही. लॉकमध्ये १ टाकायचा आणि जुनी किंमत घ्यायची. शून्य आलं तर लॉक आपलं, नाहीतर पुन्हा प्रयत्न. ६४ बिटच्या एआरएमची मूळ रीत निराळी. आधी जागेवर नजर ठेवून वाचायचं, मग लिहून पाहायचं. दरम्यान दुसऱ्या कोअरने तिथे लिहिलं असेल तर आपलं लिहिणं फसतं, रजिस्टरमध्ये १ येतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. थेट अदलाबदलीची सूचना तिथे ८.१ आवृत्तीपासून आली.

‘माझ्या लॅपटॉपवर चाललं, म्हणजे बरोबर आहे’ हा समज मला जास्त धोक्याचा वाटतो. एक्स८६ लिहिण्याचा क्रम बराचसा पाळतो, त्यामुळे कंपायलरला आवर घातला की लॉक सोडताना साधा शून्य लिहिला तरी भागतं. एआरएमवर तोच शून्य आधीच्या कामाच्या पुढे जाऊन इतर कोअरना दिसू शकतो. तिथे आधीचं काम मागे राहू न देणारं ‘रिलीज’ प्रकारचंच लिहिणं हवं. टोलनाक्याजवळच्या पांढरकवड्यातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याच्या खिशातला फोन बहुधा एआरएमचाच असतो, तेव्हा आपलं लॉक त्यावरही जरूर चालवून पाहावं. सी भाषेच्या सी११ आवृत्तीतले अॅटॉमिक प्रकार नीट वापरले तर प्रत्येक प्रोसेसरसाठी योग्य सूचना कंपायलरच निवडतो.

इंटरप्ट बंद केले की पुरे, लॉक नको, हे एका कोअरच्या मायक्रोकंट्रोलरवर खरं आहे. अनेक कोअर असतील तर इंटरप्ट फक्त त्या कोअरवर बंद होतात, बाकीचे मोकळेच असतात. उलट, नुसतं लॉक घेतलं आणि त्याच कोअरवरच्या इंटरप्टने तेच लॉक मागितलं, तर तो कोअर कायमचा अडकतो. म्हणून इंटरप्टमध्येही लागणाऱ्या लॉकसाठी दोन्ही करावं लागतं.

प्रोसेसर वाढले की लॉकही वाढणारच, असंही नाही. अकोला जिल्ह्यात जन्मलेल्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभारला. त्यातल्या प्रत्येक प्रोसेसरला, म्हणजे ट्रान्सप्युटरला, स्वतःची मेमरी होती आणि ते एकमेकांना संदेश पाठवत. सामायिक मेमरीच नव्हती, त्यामुळे त्यांच्यात अशा लॉकची गरजही नव्हती. आजच्या परम संगणकांत नोड एकमेकांशी संदेशांनीच बोलतात, पण एका नोडमधले अनेक कोअर एकच मेमरी वापरतात आणि तिथे लॉक लागतं.