पेट्रोलच्या वासाचा माग

मोटारीत पेट्रोलचा वास येऊ लागला, की तो किती उग्र आहे याचीच चर्चा आधी होते. परंतु बिघाडाची जागा ठरवण्यासाठी तो नेमका केव्हा येतो, ही माहिती कितीतरी अधिक उपयोगी ठरते. नाक कोणत्याही वासाला थोड्याच वेळात सरावते, आणि गळलेले पेट्रोल डाग पडण्याआधीच उडून जाते, त्यामुळे गाडीखालची जमीन कोरडी आहे एवढ्यावरून गळती नाही असे म्हणता येत नाही.

टाकी भरल्यानंतरच वास येत असेल, तर प्रथम टाकीचे झाकण आणि त्यातील रबरी वॉशर पाहावे. त्यानंतर संशय जातो तो कॅनिस्टरवर. टाकीत सतत तयार होणारी वाफ हवेत न सोडता कोळशाने भरलेल्या या डब्यात साठवली जाते आणि गाडी चालू असताना परज व्हॉल्व्ह नावाची छोटी विद्युत झडप उघडून ती इंजिनात जाळली जाते. पंपावर नळी आपोआप बंद झाल्यावरही 'राउंड फिगर'साठी आणखी पेट्रोल ओतण्याची जी सर्वत्र रूढ झालेली सवय आहे, तिच्यामुळे वाफेऐवजी द्रव पेट्रोलच या डब्यात शिरते आणि कोळसा निकामी होतो. झडप उघडीच अडकली असेल, तर टाकी भरून निघताना गाडी सुरू व्हायला कुरकुर करते. ही खूण ओळखता आली, तर बराच अनावश्यक खर्च वाचतो. वास मागच्या सीटपाशी येत असेल, तर टाकीवरील पंपाची गॅस्केट तपासावी, कारण अनेक गाड्यांत हा पंप त्या सीटखालीच असतो.

सकाळी गाडी सुरू करताना येणारा आणि इंजिन तापल्यावर नाहीसा होणारा वास बहुधा इंजेक्टरभोवतीच्या ओ-रिंगकडे बोट दाखवतो; जुने, कडक झालेले रबर थंडीत आकसते आणि नेहमीच्या इंजेक्शन पद्धतीत सुमारे ३ ते ४ बार दाबाने येणारे पेट्रोल तेथून झिरपते. रबरी पाइपांना वयाखेरीज उंदरांचाही धोका असतो, आणि २० टक्के इथेनॉल मिसळलेले इंधन जुन्या गाड्यांतील काही प्रकारच्या रबराला मानवत नाही. इंजेक्टर आतल्या बाजूने गळत असेल, तर बाहेर काहीच दिसत नाही, मात्र ऑइलची पट्टी काढून हुंगल्यास तिला पेट्रोलचा वास येतो आणि ऑइलची पातळी घटण्याऐवजी वाढलेली आढळते.

वास फक्त सायलेन्सरकडून येत असून गाडी 'मिसिंग' करत असेल, तर गळती शोधण्यात अर्थ नाही. स्पार्क प्लग किंवा कॉइल खराब झाल्याने पेट्रोल न जळताच बाहेर पडत असते. याउलट एसी बाहेरची हवा घेताना वास वाढतो आणि आतली हवा फिरवताना कमी होतो, तेव्हा उगम बॉनेटखाली असण्याची शक्यता मोठी, कारण हवेचे तोंड काचेच्या पायथ्याशी, बॉनेटच्या मागच्या कडेलाच असते.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती खाली, खड्ड्यात आणि बंद गॅरेजच्या फरशीलगत साचते, आणि हवेत तिचे प्रमाण सुमारे दीड टक्का झाले तरी ठिणगीने पेट घेऊ शकते. म्हणून ओली गळती दिसल्यास गाडी सुरू करून पाहू नये, ती हाताने ढकलून उघड्यावर आणावी आणि मेकॅनिकला तेथेच बोलवावे.