दुर्बीण पोटासाठी, गाठ घशात!

जळजळ, आंबट ढेकर, अन्न घशाशी येणे. पहाटेची विरार लोकल पकडून कामावर जाणाऱ्या आपल्या बंधू-भगिनींना ही तक्रार नवी नाही. औषधाने आराम पडला नाही की डॉक्टर तोंडातून दुर्बीण घालून जठर तपासायला सांगतात. रिपोर्ट येतो : जठराला सूज. खाली आणखी एक ओळ : जिभेच्या मुळाशी 'सिस्ट'. झाले! गाठ म्हणजे कर्करोग, असे समजून घरात रडारड सुरू होते. नाहीतर कागद पत्र्याच्या पेटीत जातो. आमच्या मते दोन्ही चूक.

सिस्ट म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी. घसा ओला ठेवणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. एखादीचे तोंड बंद झाले की चिकट पाणी आत साठते व फुगा येतो. जठराकडे जाणारी दुर्बीण घशातूनच जाते, म्हणून तो अचानक दिसतो. अशा बहुतेक गाठी साध्या असतात, काहीच त्रास देत नाहीत. पित्ताचे औषध वेगळे, गाठीची तपासणी वेगळी.

ती कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे करावी. नाकातून बारीक दुर्बीण घालून काही मिनिटांत घसा पाहता येतो. मुंबई महापालिकेच्या नायर, केईएम, कूपर या रुग्णालयांत हे विभाग आहेत. गाठ लहान व साधी असेल तर डॉक्टर नुसती नजर ठेवतात. मोठी असेल तर भूल देऊन तोंडावाटेच काढतात. शंका आली तर तुकडा तपासतात.

पण आवाज तीन आठवडे बसलेला, घास अडकणे, थुंकीत रक्त, मानेत गाठ, वजन घटणे, यांपैकी काहीही असेल तर थांबू नका. तंबाखू, गुटखा, मशेरी, विडी घेणाऱ्यांनी तर मुळीच नाही. श्वास अडत असेल तर तडक रुग्णालय गाठा.

आणखी एक. पुढे हर्नियाचे असो वा बाळंतपणाचे, कोणतेही ऑपरेशन ठरले तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ही गाठ आधी सांगा. श्वासाची नळी घालताना ती आड येऊ शकते. आधी कळले तर ते तयारीने उभे राहतात.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : रिपोर्ट पूर्ण वाचून घ्या. इंग्रजी येत नसेल तर शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या, डॉक्टरांना विचारा. विचारण्यात लाज कसली?