शिडाची जुनी होडी (भाग ५) : आधी कील, मग इंजिन

मागच्या भागात आपण प्लास्टिकच्या हातोडीनं डेकवर टकटक करत आतलं प्लायवूड कुठे कुजलंय ते शोधलं. ते काम उभ्यानं, कोरड्यात झालं. या आठवड्यात ट्रेलरखाली आडवं व्हायचं आहे.

जुनी होडी दारात आली की नवा मालक पहिल्यांदा इंजिनाचं विचारतो. किती हॉर्सपॉवर, कोणत्या कंपनीचं, नवं की जुनं? माझं उत्तर दर वेळी एकच असतं : आधी कीलची, म्हणजे होडीच्या तळाशी लटकणाऱ्या जड पात्याची, पिन बघा. इंजिन बंद पडलं तर शिडावर परत येता येतं. कील निखळली तर परतीचीच पंचाईत.

आपलं उदाहरण तेच, कॅटलिना २२. फ्रँक बटलर यांच्या कॅलिफोर्नियातल्या कंपनीनं १९६९ मध्ये ही होडी बाजारात आणली आणि पुढे अशा १५ हजारांहून जास्त होड्या बनवल्या. म्हणूनच अमेरिकेत कुणाच्या अंगणात ताडपत्रीखाली विसावलेली ट्रेलरवरची जुनी होडी पुष्कळदा हीच निघते. लांबी साडेएकवीस फूट, रुंदी ७ फूट ८ इंच, म्हणजे ८ फुटांच्या आत. त्यामुळे खास परवान्याशिवाय ती रस्त्यावरून ओढून नेता येते. वजन टनभर, त्यातले जवळपास २५० किलो एकट्या कीलचे. ही बिडाची कील एका पिनवर लोंबती आहे. वर ओढून घेतली की होडीला २ फूट पाणी पुरतं, खाली सोडली की ५ फूट लागतं. मला या होडीत सगळ्यात मोलाची वाटते ती हीच सोय, आणि सगळ्यात जास्त लक्षही तिथेच द्यावं लागतं.

पिन इंचभर जाडीची. होडी नांगरावर डुलत असताना कील थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे हलते. वर्षानुवर्षं हे चाललं की पिन झिजते आणि कीलमधलं भोक लांबट होतं. मग रात्री झोपताना खालून ‘ठक्‌, ठक्‌’ असा आवाज येऊ लागतो. त्या आवाजाची सवय करून घेणारे मालक मी पाहिलेत. कृपा करून तसं करू नका. होडी उंच आणि पक्क्या आधारावर घ्या, कीलखाली जॅक आणि लाकडी चौकट लावा, मगच पिन धरून ठेवणारे दोन्ही बाजूंचे ब्रॉन्झचे तुकडे सोडवा. २५० किलो बीड घसरलं तर हात वाचत नाही. कील खाली उतरली की भोक मोठं करून त्यात बुश बसवायचा, पिन नवी घालायची आणि बाजूच्या मोकळ्या जागेत स्पेसर भरायचे. लोखंड पार उघडं होईपर्यंत गंज घासायचा आणि त्याच दिवशी इपॉक्सीचा पहिला हात द्यायचा. एक रात्र मध्ये गेली तरी लाली पुन्हा धरते.

कील उचलणारी स्टीलची वायर आणि तिची विंच याच वेळी बदला. वायर तुटली तर कील पूर्ण वजनानिशी खाली झुलते आणि होडीचं पोट फोडू शकते. ही वायर जिथून आत येते तिथे रबराचा एक लहानसा होज असतो, तोही विसरू नका. तो पाण्याच्या पातळीखाली आहे. जुना होज चिरला, त्याचा क्लॅम्प गंजून सुटला, तर होडीत सरळ पाणी येतं. इतक्या स्वस्त भागावर इतकं मोठं संकट अवलंबून असणं मला अजून अस्वस्थ करतं.

एवढं झालं की मग इंजिन.

मालवण-तारकर्लीला डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या फायबरच्या होड्यांच्या मागे टांगलेलं इंजिन तुम्ही पाहिलं असेल. त्या होड्या वेगात पाण्यावर उचलल्या जाऊन वरून घसरत धावतात, त्यामुळे ताकद वाढवली की वेग वाढतो. आपली होडी पाणी कापत, दोन्ही अंगांना सारत चालते आणि तिच्या वेगाला तिची लांबीच मर्यादा घालते. पाण्यावर टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा. कॅटलिना २२ ची ही लांबी सुमारे १९.३ फूट, म्हणजे वेग ५.९ नॉट, ताशी जेमतेम ११ किलोमीटर. त्यापुढे होडी स्वतःच्याच लाटेचा चढ चढू पाहते आणि इंधन फुकट जळतं. शांत पाण्यात ४ हॉर्सपॉवर या वेगाच्या जवळ नेतं. समोरून वारा आणि लाटा असतील तर ६ हाताशी असावं. ९.९ ची इथे गरज नाही. ४ ते ६ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन साधारण २५ ते २८ किलोचं असतं, ९.९ चं वजन ४० किलोच्या घरात जातं. हे सगळं वजन होडीच्या अगदी शेवटच्या टोकाला लटकतं, मागचा भाग बसतो आणि शिडावर चालतानाही होडी जड होते.

खरं महत्त्व आहे ते शाफ्टच्या लांबीला. बाजारात १५, २० आणि २५ इंची शाफ्ट मिळतात. एखादा माणूस शीड उतरवायला पुढे गेला की नाक दबतं आणि मागचा भाग उचलला जातो. त्यात लाट आली की आखूड शाफ्टचा पंखा पाण्याबाहेर येतो, इंजिन किंचाळतं आणि होडी मात्र जागची हलत नाही. नेमकं हे बंदराच्या तोंडाशी, खडकांजवळ घडतं. या होडीवर २० इंच ही किमान लांबी धरा. २५ इंची मिळालं तर तेच घ्या.

त्याच्या खालोखाल पंख्याचा पिच. पंखा एका फेऱ्यात कागदोपत्री किती इंच पुढे सरकेल, तो हा आकडा. हलक्या, वेगवान होड्यांसाठी तो जास्त ठेवतात. टनभराच्या होडीला कमी पिचचा पंखा हवा, घाट चढताना पहिला गिअर लागतो तसा. होडी थांबवायलाही हाच पंखा उलटा फिरवावा लागतो, म्हणून रिव्हर्स नसलेलं दोन-तीन हॉर्सपॉवरचं इंजिन मी कुणालाही सुचवत नाही. टोहात्सूचं ६ हॉर्सपॉवरचं ‘सेल प्रो’ या होड्यांवर इतकं दिसतं ते याच कारणांनी : २५ इंची शाफ्ट, कमी पिचचा पंखा आणि बॅटरी चार्ज करायची सोय.

कुठल्या पाण्यात जायचं, यावरही बरंच ठरतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेटखाली ओहोटीचा प्रवाह ४ नॉटच्या वर जातो. ५.९ नॉटची होडी त्याच्याविरुद्ध रेटली तर जमिनीच्या हिशेबात दोन नॉटसुद्धा हाती लागत नाहीत. तिथे भरतीचं वेळापत्रक हेच पहिलं इंजिन. याउलट जॉर्जियातल्या लेक लॅनियरसारख्या तलावात, धक्क्यापासून मोकळ्या पाण्यापर्यंतच जायचं असेल, तर १ किलोवॉटच्या आसपासचं विजेवरचं इंजिनही काम भागवतं. अशा होडीला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या जवळपास वाढते. वेग निम्मा केलात तर वीज ढोबळमानानं आठवा हिस्सा लागते आणि बॅटरी पुष्कळ जास्त वेळ टिकते.

होडीसोबत जुनं टू-स्ट्रोक मिळालं असेल तर लगेच भंगारात काढू नका. ते हलकं असतं आणि दुरुस्तीला सोपं. फक्त आपल्या पाण्यावर ते चालतं का, हे आधी विचारा. अमेरिकेतल्या लेक टाहो या तलावावर कार्ब्युरेटरच्या बहुतेक टू-स्ट्रोक इंजिनांना १९९९ पासून बंदी आहे.

जुनं इंजिन विकत घेताना ते थंड असायला हवं. पोचल्यावर आधी हात लावून बघा. गरम असेल तर विकणाऱ्यानं ते आधीच झगडून सुरू करून ठेवलेलं असू शकतं. खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवूनच चालू करायला सांगा, कोरडं चाललं तर थंड पाणी ओढणारा रबरी इम्पेलर काही क्षणांतच जळतो. सुरू झाल्यावर मागून पाण्याची बारीक, सलग धार यायला हवी. शेवटी तळाचा स्क्रू सैल करून गिअरचं तेल थेंबभर बोटावर घ्या. ते दुधाळ असेल तर सील फुटून आत पाणी शिरलंय. सील बदलता येतं, पण आतले गिअर किती गंजलेत ते बाहेरून दिसत नाही. असं इंजिन मी स्वस्त मिळालं तरी घेत नाही.

पुढच्या आठवड्यात डोलकाठी, आणि तिला ताणून धरणाऱ्या तारा कधी बदलायच्या ते.