शटलची इंजिने, रॉकेटचे बिल

स्पेस शटल या अवकाशयानाचेच भाग वापरले की नवे रॉकेट स्वस्तात आणि लवकर होईल, असा हिशेब होता. अमेरिकी काँग्रेसने २०१० मध्ये कायदा करून ‘नासा’ला स्पेस लाँच सिस्टिम हे रॉकेट २०१६ अखेर सज्ज करायला सांगितले. ९८ मीटर उंचीचे ते धूड उडाले १६ नोव्हेंबर २०२२ रोजी.

त्याच वर्षी मार्चमध्ये नासाच्याच महानिरीक्षकांनी आकडा मांडला : पहिल्या चार आर्टेमिस चांद्रमोहिमांत दर उड्डाणाला ४१० कोटी डॉलर. त्यातले २२० कोटी एकट्या रॉकेटचे, बाकीचे ओरायन यान आणि जमिनीवरच्या यंत्रणेचे. विकासखर्च यात धरलेलाच नाही!

या खर्चाची आणि उशिराची कारणे अनेक. शटलवर पुन्हा पुन्हा वापरलेली आरएस-२५ इंजिने इथे मात्र प्रत्येक उड्डाणात चारच्या चार समुद्रार्पण. मुख्य टप्पा न्यू ऑर्लिन्सला बनतो आणि बार्जमधून प्रक्षेपणस्थळी येतो. घन इंधनाचे बूस्टर युटाहून रेल्वेने. टाकीत उणे २५३ अंश सेल्सियसचा द्रव हायड्रोजन. त्याचा रेणू इतका सूक्ष्म, की सीलमधूनही निसटतो. सप्टेंबर २०२२ मधला उड्डाणाचा एक प्रयत्न या गळतीपायीच रद्द झाला. शिवाय मुख्य कंत्राटे ‘खर्च अधिक नफा’ पद्धतीची, म्हणजे उशीर कंत्राटदाराचा असला तरी वाढीव बिल बहुतांशी सरकारच्याच नावे.