विराटाघरची दासी

चिखलदऱ्यात कीचकाची कथा टळत नाही. भीमाने त्याला मारून इथल्या दरीत फेकले आणि भीमकुंडात हात धुतले, असे मेळघाटात सांगतात. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने आपल्या पहिल्या मूकपटासाठी, १९२० च्या ‘सैरंध्री’साठी, हीच कथा निवडली. बाबूराव पेंटरांच्या या कंपनीचे कौतुक सहसा त्यांनी स्वतः जुळवलेल्या कॅमेऱ्यासाठी होते, आणि ते रास्तच आहे. पण घरातली नाती पडद्यावर आणल्याचे श्रेयही तिचेच, आणि ते ‘सावकारी पाश’पासून नव्हे, ‘सैरंध्री’पासून मोजायला हवे. कथा नीट पाहा. परक्या घरी चाकरीला राहिलेली बाई. मालकिणीचा भाऊ तिच्या मागे लागलेला. आणि सारे ठाऊक असून तिलाच त्याच्या महाली मद्य आणायला धाडणारी मालकीण सुदेष्णा. भरसभेत तिला लाथ बसते तेव्हा कंक बनून बसलेला नवरा अज्ञातवास मोडू नये म्हणून तिलाच गप्प करतो. शेवटी रात्री मुदपाकखान्यात जाऊन ती भीमाला उठवते. यात चमत्काराला फारसे कामच नाही.

यावर कोणी म्हणेल, लोकांना कीचकात घर कुठे दिसत होते? खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकात त्यांना कर्झन दिसला, म्हणून तर १९१० मध्ये त्यावर बंदी आली. मूकपटातही गाजला तो वधच. तो इतका खरा वाटला की पुढे ते दृश्य कापावे लागले. हे सारे खरे. पण दासीचा अपमान घरोघरी ओळखीचा नसता, तर ते रूपक लागू पडलेच नसते. शिवाय फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले ते अण्णा साळुंके. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई आल्या खऱ्या, पण ती वाट लगेच रुळली नाही. ‘सैरंध्री’त गुलाबबाई आणि अनसूयाबाई, म्हणजे पडद्यावरच्या कमलादेवी आणि सुशीलादेवी, उभ्या राहिल्या. समाजाने त्यांना वाळीत टाकले, तेव्हा स्टुडिओच्या आवारातच त्यांना आसरा घ्यावा लागला. वाळीत टाकणाऱ्यांना त्या काही रूपक वाटल्या नव्हत्या.

१९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये पुराणाचा आडपडदाही गेला. शांताराम त्यात तरुण शेतकरी होते. जमीन सावकाराकडे जाते आणि घर मोडते. चित्रपट चालला नाही, त्यावरून प्रेक्षकांना घरचे दुःख नकोच होते असा निष्कर्ष काढतात. मला तो घाईचा वाटतो. पौराणिक वेषातले तेच दुःख त्यांनी पाच वर्षांपूर्वी डोक्यावर घेतले होते. पेंटरांनीही हार मानली नाही; १९३६ मध्ये त्यांनी ‘सावकारी पाश’ बोलपट म्हणून पुन्हा केला.